आधी कागद, मग तार

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. एका माणसानं आयुष्यातलं पहिलं पुस्तक लिहायला घेतलं, मला त्याची प्रस्तावना मागितली, आणि मी त्या पुस्तकाचं एक पानही न वाचता ती लिहून दिली. चांगली दोन पानं, खाली लफ्फेदार सही. मी शाळेत मराठी शिकवतो. पंचवीस वर्षं मुलांना 'उतारा वाचा आणि मगच उत्तरं लिहा' असं बजावत आलोय, तेव्हा हा गुन्हा साधा नाही. आणि तो घडला कुणाच्या बाबतीत? ज्याच्याइतका पुस्तकाच्या आनंदात बुडालेला माणूस आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, शोधून सापडणार नाही, अशा माणसाच्या.

हे आमचे वाइंडिंगवाले चाचा. आमच्या गावाजवळ वडनेर भोलजीला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. विहिरीवरची असो, बोअरची असो की पिठाच्या गिरणीची, मोटर जळाली की आसपासची गावं ती चाचांकडे आणतात. चाचा ती उघडतात, आतली जळकी तार उपसून काढतात, नवी भरतात, वर वार्निश पाजतात, आणि मोटर पुन्हा गुणगुणायला लागली की तिच्याजवळ कान नेऊन डोळे मिटतात. चाळीस वर्षं हेच काम. साठी उलटली, आणि एके दिवशी माझ्या घरी येऊन चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "सर, म्या पुस्तक काढून राह्यलो."

"वा! लिहून झालं?"

"लिवनं? थे होईन ना बाप्पा. काढनं पक्कं केलं."

चाचांच्या लेखी क्रम हाच होता, आणि त्यामागे त्यांचं शास्त्र होतं. मोटरीत तार भरण्याआधी लोखंडाच्या खाचांमध्ये जाड कागद कापून बसवावा लागतो. तो नीट बसला नाही तर तार कितीही चांगली भरा, मोटर जळणारच. "आधी कागद, मंग तार," चाचा बोटांनी हवेत कागद बसवत म्हणाले. "पुस्तकाचंबी तसंच हाय. बाहेरचं सारं आधी बसवून घ्या लागते. मंग अंदर भराले किती टाईम लागते?" या न्यायानं पहिलं प्रकरण अर्धं असताना त्यांची अर्पणपत्रिका तयार होती, मुखपृष्ठाचा रंग ठरला होता, मंडपाची जागा पाहून झाली होती, आणि प्रकाशनाच्या दिवशी लाइट जाऊ नये म्हणून लाइनमनला आतापासून चहा सुरू झाला होता.

पुस्तक कसं असावं याचा अभ्यास त्यांनी काट्यावर केला. तांब्याची तार वजनावर मिळते, त्यामुळे दुकानात काटा कायमचा. माझ्याकडून पुस्तकं न्यायचे आणि परत करताना अभिप्राय द्यायचे. "हे कादंबरी सव्वापाचशे ग्राम भरली, सर. लेटून वाचाले नाई जमत, नाकावर पडते." किंवा, "हे कवितेचं लयच हलकं. पंखा लावला का उठून चाल्लं." अशी पंधरावीस पुस्तकं जोखून झाल्यावर आपलं पुस्तक दोनशे दहा ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. खामगावच्या छापखान्यात गेले तेव्हा मालकानं पानं किती असं विचारलं, तर चाचांनी वजन सांगितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "चाचा, पुस्तक छापाचं हाय का भेंडी?"

मलपृष्ठावरच्या फोटोचं प्रकरण तर आठवडाभर चाललं. लेखक गालाला हात लावून बसतो हे त्यांनी माझ्या पुस्तकांवर पाहून ठेवलेलं. नांदुऱ्याच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी उजवा गाल, डावा गाल, दोन्ही गाल, असे चौदा फोटो काढले. घरी चाचीनं एकेक फोटो उजेडात धरून पाहिला आणि काळजीनं विचारलं, "अजी, दाढ दुखती क्या तुम्हारी?" चाचा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा स्टुडिओत गेले आणि गालाऐवजी एका तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीवर हात ठेवून फोटो काढून आले. तो फोटो मात्र असा आला, की जणू ती मोटर त्यांना आताच काहीतरी हळूच सांगतेय.

सहीचा सरावही त्यांनी मोटरींवरच केला. दुरुस्त झालेल्या मोटरीवर तारीख रंगवायची रीत असते. चाचा तारखेखाली 'सस्नेह भेट' असं लिहून, खाली वळणदार सही करायला लागले. एका गिऱ्हाइकानं मोटर ट्रॉलीत चढवली आणि वर हात जोडून निघाला. चाचांनी मजुरी मागितली तर म्हणतो कसा, "चाचा, भेट म्हनून तुमीच लिवलं, सोताच्या हातानं. भेटीचे पैसे मांगते का कोनी?" त्यानंतर चाचीनं त्यांना सरावासाठी शाळेतली पाटी आणून दिली.

पण सगळ्यांत मोठी काळजी होती फितीच्या गाठीची. मलकापूरला एका प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांना पुस्तकांच्या गठ्ठ्याची गाठ सुटली नव्हती. पाहुण्यांनी नखं लावली, मग दात लावले, आणि शेवटी खालून कुणीतरी विळा वर पाठवला. ते पाहिल्यापासून चाचांची झोप उडालेली. त्यांनी मोटरीची वेटोळी बांधायची आपली जुनी गाठ फितीवर बसवली. एक टोक ओढलं की सर्रकन मोकळी! पुस्तक छापलेलं नसल्यामुळे सरावाला विटा होत्या. चमकीच्या कागदात विटा गुंडाळायच्या, लाल फीत बांधायची, आणि दुकानात जो येईल त्याला खुर्चीवर बसवून प्रमुख पाहुणा करायचं. वडनेरमधली निम्मी माणसं अशी एकेकदा प्रमुख पाहुणी होऊन गेली आहेत.

तर अशा या बाहेरच्या तयारीतच प्रस्तावना येत होती. दिवाळीच्या सुटीत चाचा तीन वह्या घेऊन माझ्याकडे आले. तांब्याच्या तारेनं शिवलेल्या, वर वार्निशचा हात दिलेल्या. "शेवट बाकी हाय," ते म्हणाले. "पन प्रस्तावना भेटली का माही हिंमत वाढते." मी वह्या कपाटावर ठेवल्या. चाचा दर दोन-तीन दिवसांनी यायचे, पुस्तकाचं नाव काढायचे नाहीत, नुसते माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे. बारावीच्या निकालाच्या दिवशी पोरं पाहतात तसे. मी पेपर तपासतोय, लग्नाला जायचंय, अशी कारणं सांगितली. खरं कारण आज सांगतो. मोटर भरणारा माणूस काय लिहिणार, असं मला वाटलं होतं.

शेवटी एका दुपारी, एका चहात, मी ती प्रस्तावना लिहिली. 'या लेखनाला मातीचा गंध आहे. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या, चुलीचा धूर, मायेच्या हाताची ऊब आणि हरवत चाललेलं गावपण या पानापानांतून पाझरतं.' तालुक्यात कुणी पुस्तक काढलं की माझ्याकडे येतं, आणि मातीचा गंध मी आजवर सगळ्यांना दिलेला आहे. त्यातल्या एकाचं पुस्तक मूळव्याधीवरच्या घरगुती उपायांचं होतं. त्यानंही पेढे दिले होते.

चाचांनी प्रस्तावना उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. मग माझे दोन्ही हात हातात घेतले आणि वह्या उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिला प्लास्टिकचं आवरण चढलं आणि ती दुकानात दरपत्रकाशेजारी लटकली.

त्यानंतर चाचांच्या विक्षिप्तपणाला जो बहर आला, त्याची मी शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगवून रंगवून वर्णनं केली आहेत. रस्त्यात भेटून विचारायचे, "सर, जातं किती किलोचं असते?" वर्गाच्या खिडकीशी येऊन विचारायचे, "सर, तुमाले ओव्या येते का? चार-पाच पायजे होत्या." एकदा म्हणाले, "माह्या मायनं तं कधी जातं ओढलं नाई, सर. गिरनीतून दळून आने." मी हसून म्हणालो, "चाचा, लेखकानं थोडी कल्पना वापरावी!" चाचांनी मान हलवली, पण खाली पाहून. मग ओव्यांसाठी ते एका खेड्यात एका म्हातारीकडे गेले. म्हातारी पक्की होती. "दळल्याबिगर ओवी सुचत नाई, भाऊ. बस खाली," म्हणून तिनं त्यांना जात्यापुढं बसवलं. तासाभरात चाचांनी पायलीभर ज्वारी दळून दिली, म्हातारीनं त्यांना दीड ओवी दिली, आणि पुढचे चार दिवस चाची त्यांच्या कमरेला तेल चोळत होती. मी पोट धरून हसलो होतो. हे सगळं माझ्यामुळे चाललंय, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

थंडीच्या शेवटी आमच्या घरची टाकीवर पाणी चढवायची छोटी मोटर बंद पडली, ती घेऊन मी वडनेरला गेलो. चाचा कुठंतरी गेलेले. चाचीनं खुर्ची दिली. समोर भंगाराचा ढीग होता. जळकी तार, फुटके पंखे, आणि त्यावर तारेत ओवलेला कागदांचा जाड गठ्ठा. वार्निशचा वास ओळखीचा होता.

"चाची, हे काय?"

"थे मोटरीचे पानं. पुस्तकातून काढून टाकले त्याईनं."

"काढून टाकले? का?"

चाचीनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "काऊन म्हंजे? तुमीच तं लिवलं ना सर, पुस्तक कशाचं हाय थे. त्यात मोटरीचं नाव नाई. दोन रोज जेवले नाई हे. मंग म्हने, सर शिकेल मानूस हाय, त्याईले जे दिसलं थेच खरं. मी काय लिवलं थे मलेच समजलं नाई. आता उद्या छापखान्यात द्याचं हाय, म्हनून जातं पाहाले गेले."

मी तो गठ्ठा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा चाचांचं लेखन वाचलं.

मोटर दुकानात आली की तिला एक चिठ्ठी बांधतात. मालक कोण, गाव कोणतं, कशानं जळाली. चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या चाचांनी जपून ठेवल्या होत्या आणि एकेका चिठ्ठीचं एकेक प्रकरण केलं होतं. जळकी तार पाहून त्यांना घर कळत होतं. एका विहिरीवरच्या दोन भावांची मोटर होती. एक सकाळी येऊन सांगून गेला, धाकट्यानं जाळली. दुसरा दुपारी येऊन सांगून गेला, थोरल्यानं जाळली. चाचांना तार पाहून खरं कळलं होतं, पण त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवसांचं काम त्यांनी आठ दिवस लांबवलं, कारण शेजारच्या विहिरीवरून पाणी आणताना दोघांना एकाच कावडीला दोन बाजूंनी खांदा द्यावा लागत होता. आणखी एका प्रकरणात एक बाई होती. चुलीपुढं भाकरी थापता थापता तिला दूर मळ्यातल्या मोटरीचा आवाज बदललेला कळायचा. नवरा हसायचा. तिनं तीनदा सांगितलं, तीनदा मोटर जळाली, आणि चौथ्यांदा तो पळत जाऊन बटन दाबून आला. खाली चाचांनी लिहिलं होतं, 'मोटर जळायच्या आधी बोलते. पण ऐकायला घरात कोणाचं तरी ऐकायची सवय पाहिजे.'

मी हसत होतो, डोळे पुसत होतो. मोटर न्यायला आलेले दोन शेतकरी म्हणाले, "आमालेबी सांगा ना सर." मी मोठ्यानं वाचायला लागलो. चाची काम सोडून उंबऱ्यात बसली. एक म्हातारबाबा तर "थे मोटर आमचीच होती!" म्हणून उठून उभे राहिले, जसं काही बक्षीस मिळालं. पण मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जे पुस्तक उद्या छापायला जाणार होतं त्यात हे काहीच नव्हतं. त्यात माझं जातं होतं.

तेवढ्यात चाचा आले. लूनाच्या मागच्या बाजूला खरंच जातं बांधलेलं. त्याच्या वजनानं लूनाचं पुढचं चाक जमिनीवर टेकायला तयार नव्हतं. धुळीनं पांढरे झालेले चाचा लांबूनच ओरडले, "सर! भेटलं! मुखपृष्ठावर टाकतो!"

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मी म्हणालो, "चाचा, मी पुन्हा विचार केला. ही मोटरीची पानं परत घाला. जातं काढा. प्रस्तावना मी नवी लिहून देतो."

चाचा माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहत राहिले. "सच्ची? मोटर चालते पुस्तकात?"

"मोटरच चालते."

त्यानंतर जे झालं त्याला नाच म्हणता येणार नाही, कारण कमरेत उसण होती. पण त्याच्या जवळपासचं काहीतरी झालं. त्यांनी चाचीला हाक मारली, शेतकऱ्यांना मिठ्या मारल्या, छापखान्याला फोन लावून "उद्या नाई, आठ रोजानं! पन वजन थेच!" असं सांगितलं. मी तिन्ही वह्या मागून घेतल्या, घरी जाऊन त्या गठ्ठ्यासकट वाचल्या आणि नवी प्रस्तावना लिहिली. ती प्रामाणिक होती. फक्त तिच्यात मागचं काही नव्हतं. आणि चाचा मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "सरनं माहं पुस्तक दोन डाव वाचलं. पहिल्या डावाले एक दिसलं, दुसऱ्या डावाले दुसरं. इतकं बारीक कोन वाचते बे आजकाल?" हे ऐकलं की मी रस्ता बदलायचो. माझी बायको म्हणाली, "तुम्ही इतके का घाबरता चाचांना?" मी तिलाही सांगितलं नाही.

मग एका रविवारी दुपारी चाचांनी मला सरावाला बोलावलं. या खेपेला खरा प्रमुख पाहुणा मीच होतो. टेबलावर चमकीच्या कागदातल्या विटा, समोर चाची आणि ज्यांच्या मोटरी तयार नव्हत्या अशी दोन गिऱ्हाइकं. "सर थांबले का टाळ्या वाजवा बे," चाचांनी त्यांना बजावलं आणि स्वतः लेखकाच्या खुर्चीत जाऊन गालाला हात लावून बसले. मी फीत ओढली. गाठ सर्रकन सुटली. टाळ्या झाल्या.

"आता सर दोन शब्द बोलतीन."

मी उभा राहिलो. भाषण खिशात होतं. समोर दरपत्रकाशेजारी माझी जुनी प्रस्तावना अजून लटकत होती. चाचांनी ती 'आठवन म्हनून' ठेवली होती. मी म्हणालो, "चाचा, पहिली प्रस्तावना लिहिली तेव्हा मी तुमची वही उघडलीच नव्हती."

मी थांबलो, म्हणून दोघा गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. गालावरचा हात खाली आला. फितीचं टोक ते बोटाला गुंडाळत राहिले, पुन्हा सोडत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मोटर खोललीच नाई. अन् सांगून देल्लं काय जळलं थे."

"हो."

"चाळीस साल झाले, सर. म्या असं कोनाले सांगतलं नाई."

मी उभाच होतो. चाची आत गेली, चहा टाकल्याचा आवाज आला. गिऱ्हाइकं विटा मोजू लागली. चहा आला, निवला. चाचांनी आपला कप सरकवून ठेवला. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "अन् दुसऱ्या डावाले? वाचलं होतं ना?"

"एकेक पान. दोन भावांचं तर तीनदा."

"हसले कुठी?"

"कावडीपाशी. आणि रडलोही तिथंच."

"थे चुलीवालीचं?"

"ते वाचून घरी गेलो आणि बायकोला विचारलं, तू काय म्हणत होतीस काल?"

चाचांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "मंग थे लिवा," ते म्हणाले. "आता जे बोलले थे. पहिल्याच पानावर."

"चाचा, लोक मला हसतील."

"मोटर वापस आली का म्या चिठ्ठीवर लिवतो, पहिल्या डावाले बराबर झाली नोती. दस्तुरच हाय थो. त्यात काय लाज?" आणि उठून गिऱ्हाइकांवर ओरडले, "विटा काय मोजता बे? बांधा पुन्हा! गाठीले वेळ लागून राह्यला!"

पुस्तक आता छापखान्यात आहे. चाचांनी माझं वाढलेलं पान काट्यावर टाकून पाहिलं आणि "चालते" म्हणाले. जातं दुकानाच्या दारात पडलेलं असतं. गिऱ्हाइकं त्यावर बसतात. दरपत्रकाशेजारचा खिळा मात्र रिकामा आहे. जुनी प्रस्तावना कुणी काढली, मी विचारलं नाही, चाचांनी सांगितलं नाही. पण पूर्वी मी दुकानात शिरलो की ते उठून उभे राहायचे, आता बसूनच "या सर" म्हणतात. हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. नव्या प्रस्तावनेच्या सुरुवातीला मी एवढंच लिहिलंय:

'हे पुस्तक न वाचता मी एकदा त्याची प्रस्तावना लिहिली होती. तिच्यावर विश्वास ठेवून लेखकानं आपली खरी पानं भंगारात टाकली. त्या विश्वासाला मी लायक नव्हतो. चाचा, मोटर न उघडताच मी बोललो. मला माफ करा.'